निरोप आत, निरोप्या बाहेर

१. गोळी लगेच का देत नाहीत?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातले पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारतात, ‘बायोप्सी झाली, कॅन्सर आहे हे कळलं. आता औषध सुरू करायला कसली वाट पाहायची?’ उत्तर मिळतं, ‘ईजीएफआरचा रिपोर्ट येऊ द्या, मग ठरवू.’ गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, ज्याला हॉस्पिटलात सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तो जनुकांच्या तपासणीसाठी जातो आणि दहा-पंधरा दिवस घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. ठाण्यात घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत कलेक्शन सेंटरं जागोजागी आहेत. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांचे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतात. ही सवय झालेल्या माणसांना पंधरा दिवस फार जड जातात.

त्यात आणखी एक घोळ होतो. कुणीतरी जुनी फाइल उघडतं आणि म्हणतं, ‘अहो, ईजीएफआर तर बाबांच्या किडनीच्या रिपोर्टमध्येही होतं!’ ते वेगळं. किडनीच्या रिपोर्टमधला तो आकडा म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज. कॅन्सरच्या रिपोर्टमधलं ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं एक प्रथिन आहे. दोघांचं साम्य आद्याक्षरांपुरतं.

हे प्रथिन निरोगी शरीरात काय करतं, ते जागं कसं होतं आणि बिघडलं तर औषध नेमकं कुठे लागू पडतं, हे या प्रकरणात पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : कॅन्सरची पेशी सहसा नवी भाषा शिकत नाही. जो निरोप निरोगी पेशीही ओळखते, तोच निरोप तिला कुणी न देताच ऐकू येत राहतो. त्यामुळे उपचार ठरवताना कॅन्सर कुठल्या अवयवात आहे याइतकंच महत्त्व निरोपाच्या साखळीतली कुठली कडी अडकली आहे याला असतं.

२. पेशी आपणहून वाढत नाही

निरोगी पेशी मनाला येईल तेव्हा दुभंगत नाही. हे पाहायचं तर पेशी शरीराबाहेर काढून काचेच्या भांड्यात वाढवावी लागते. आपल्याकडे या कामाशी एक मराठी नाव जोडलेलं आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे मुंबईत परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी वाढवण्याचं तंत्र आत्मसात केलं आणि परत आल्यावर परळला ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते. तीच संस्था पुढे टाटा मेमोरिअल सेंटरचा भाग झाली आणि आज ती खारघरला ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाते.

अशा प्रयोगशाळेत नवशिक्यालाही एक गोष्ट लवकरच दिसते. भांड्यातल्या निरोगी पेशींना साखर द्या, क्षार द्या, जीवनसत्त्वं द्या, अमिनो आम्लं द्या. त्या जिवंत राहतात, पण वाढत नाहीत. त्याच भांड्यात थोडं सीरम घातलं, म्हणजे गोठलेल्या रक्तावर उरणारा पिवळसर द्रव घातला, की पेशी विभागायला लागतात. याचा अर्थ, पेशीला नुसतं खाणं पुरत नाही. ‘वाढ’ असं तिला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारं काहीतरी सीरममध्ये असतं.

सीरममध्येच का? कारण रक्त गोठताना त्यातल्या बिंबिका फुटतात आणि वाढीचा निरोप देणारी प्रथिनं बाहेर टाकतात. भाजी चिरताना बोट कापलं की रक्त गोठतं, हा निरोप आसपासच्या पेशींना मिळतो, त्या विभागतात आणि जखम भरून येते. जखम भरली की निरोप थांबतो आणि पेशीही थांबतात. कॅन्सरच्या अनेक पेशी मात्र सीरम अगदी कमी असलं तरी भांड्यात वाढत राहतात. त्यांना सांगणारं कुणी लागत नाही.

असं एक निरोप्या प्रथिन अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांच्या हाती वेगळ्याच वाटेने लागलं. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर मज्जातंतूंच्या वाढीवर काम करताना त्यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला. उंदराच्या पिलांचे डोळे एरवी साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. या पिलांचे सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडले, दातही लवकर आले. पापण्यांची त्वचा वेळेआधी तयार झाली होती. अर्कातून कोहेन यांनी ते प्रथिन वेगळं केलं. फक्त ५३ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. तिचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. या दोघांना १९८६ साली नोबेल मिळालं. आणि ईजीएफचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन, म्हणजे त्याचा रिसेप्टर, तेच आपलं ईजीएफआर.

३. फाटकावर काय घडतं

आता मुख्य अडचण. पेशीभोवती तेलकट पटल असतं, जाडी सुमारे ५ ते १० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी. एवढं पातळ असूनही ईजीएफसारख्या प्रथिनाला ते ओलांडता येत नाही. मग बाहेरचा निरोप आत, थेट केंद्रकातल्या जनुकांपर्यंत, पोचतो कसा?

पाटलीपाडा किंवा वाघबीळच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचं फाटक डोळ्यांसमोर आणा. कुरिअरवाला येतो. त्याला आत सोडत नाहीत. कंपाउंडच्या भिंतीत वॉचमनची केबिन आहे, तिला दोन खिडक्या : एक रस्त्याकडे, एक आवाराकडे. कुरिअरवाला रस्त्याकडच्या खिडकीशी उभा राहतो, वॉचमन आतल्या बाजूने इंटरकॉम उचलतो आणि अठराव्या मजल्यावर घंटा वाजते. माणूस बाहेर, बातमी आत.

रिसेप्टरही असाच भिंतीत बसवलेला असतो. त्याचा एक भाग पेशीबाहेर, एक छोटासा तुकडा पटलातून आरपार गेलेला आणि उरलेला भाग पेशीच्या आत. ईजीएफ बाहेरच्या भागाला चिकटतं, घडामोड आतल्या भागात होते. या जातीचे, म्हणजे आतल्या बाजूला स्वतःचं रासायनिक हत्यार बाळगणारे, ५८ रिसेप्टर माणसात आहेत. ईजीएफआरची तीन सख्खी भावंडं आहेत. त्यांतलं हर-टू हे नाव स्तनाच्या कॅन्सरमुळे अनेक घरांत पोचलेलं आहे.

पण बाहेर काहीतरी चिकटलं हे आतल्या भागाला कळतं कसं? मधला तुकडा तर एका बारीक स्क्रूच्या आट्यांइतकासुद्धा गुंतागुंतीचा नाही. नुसता वळलेला धागा. तो काही ढकलाढकली करून बातमी पोचवू शकत नाही. इथे निसर्गाने एक नियम केला आहे.

४. एकट्याचं चालत नाही

समजा, त्या सोसायटीने ठराव केला : एकटा वॉचमन इंटरकॉम वापरू शकणार नाही. दोन वॉचमन शेजारी-शेजारी आले पाहिजेत आणि एकाने दुसऱ्याच्या वहीत सही केली पाहिजे. तेव्हाच लाइन चालू होईल. रिसेप्टरांचा नियम हाच आहे. फरक इतकाच, की पेशीचं पटल पातळ तेलासारखं वाहतं असल्याने इथे केबिनच भिंतीतून सरकत एकमेकींजवळ येतात.

एकटं असताना ईजीएफआरचा बाहेरचा भाग दुमडलेला असतो. दुसऱ्या रिसेप्टरला पकडण्यासाठी त्याला एक बाहू असतो, पण तो घडीत लपलेला. ईजीएफ येऊन चिकटलं की घडी उलगडते, बाहू बाहेर येतो आणि तशाच उलगडलेल्या शेजाऱ्याला धरतो. जोडी जमते.

ही जोडी जमण्याबद्दल शास्त्रज्ञांची बराच काळ एक साधी समजूत होती : निरोप्या प्रथिन दोन रिसेप्टरांच्या मधे बसून त्यांना जोडत असेल. काही रिसेप्टरांत तसं घडतंही. पण २००२ साली ईजीएफआरच्या स्फटिकांची क्ष-किरण चित्रं हाती आली तेव्हा दोन्ही ईजीएफ जोडीच्या बाहेरच्या बाजूंना आढळली. रिसेप्टर एकमेकांना स्वतःच धरून होते. निरोप्याने फक्त त्यांची घडी उलगडली होती.

हा बारकावा का महत्त्वाचा? कारण घडी उलगडणं हेच खरं कळीचं काम असेल, तर निरोप्याशिवायही घडी उलगडलेली राहिली की रिसेप्टर कामाला लागणार. हर-टू हे भावंड जन्मतः असंच आहे. त्याचा स्वतःचा निरोप्या सापडलेलाच नाही. त्याचा बाहू कायम बाहेर, जोडीदाराच्या शोधात. निरोगी पेशीत त्याची संख्या मर्यादित असते म्हणून चालून जातं. संख्या वाढली की काय होतं ते पुढे येईलच.

आतल्या बाजूला आणखी एक गंमत आहे. जॉन कुरियन यांच्या गटाने २००६ साली दाखवलं, की जोडीतले आतले भाग समोरासमोर सारखे बसत नाहीत. एक दुसऱ्याला पाठीमागून रेटतो. ज्याला रेटा मिळतो तो जागा होतो. रेटणारा स्वतः त्या क्षणी काम करत नाही. म्हणून जोडीतला एकजण कामात कच्चा असला तरी भागतं. हर-थ्री हे भावंड सही करण्यात जवळजवळ निकामी आहे, पण रेटायला उत्तम. हर-टूबरोबर त्याची जोडी जमली की निरोप फार जोरात जातो.

५. सही कशाची?

आतला भाग जागा झाला म्हणजे काय करू लागला? तो सही करतो, आणि ही सही फॉस्फेटची असते. पेशीत ऊर्जेचं चलन म्हणून एटीपी नावाचा रेणू वापरला जातो. त्याला तीन फॉस्फेट लटकलेले असतात. रिसेप्टरच्या आतल्या भागात एक खोबण असते. तिथे एटीपी बसतं, त्याचा शेवटचा फॉस्फेट तोडला जातो आणि जोडीदाराच्या शेपटीवरच्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाला जोडला जातो. फॉस्फेट जोडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाला कायनेज म्हणतात. टायरोसिनला जोडतो म्हणून टायरोसिन कायनेज. औषधांच्या जाहिरातीत ‘टीकेआय’ ही अक्षरं दिसली तर ती या कायनेजला रोखणाऱ्या गोळ्यांची.

टायरोसिनवरच्या सह्या इतक्या दुर्मीळ असतात, की त्या बराच काळ कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या. पेशीतल्या प्रथिनांवरच्या हजार फॉस्फेटांमागे एकसुद्धा टायरोसिनवर नसतो. सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांना १९७९ साली ही सही सापडली तेही योगायोगाने. त्यांनी प्रयोगासाठी वापरलेलं द्रावण जुनं होतं, त्याची आम्लता बदललेली होती आणि त्यामुळे एरवी एकत्र सरकणारे दोन ठिपके वेगळे झाले. त्यांतला एक टायरोसिनवरच्या फॉस्फेटचा होता. ताजं द्रावण वापरलं असतं तर ते ठिपके एकमेकांत मिसळलेले राहिले असते.

६. फाटकापासून अठराव्या मजल्यापर्यंत

सही झालेली शेपटी आता आतल्या प्रथिनांना ओळखू येते. एक प्रथिन येऊन तिला चिकटतं, ते दुसऱ्याला ओढून आणतं आणि दुसरं रास नावाच्या प्रथिनाचं बटण दाबतं. रास चालू झालं की ते राफला, राफ मेकला, मेक ‘अर्क’ नावाच्या प्रथिनाला जागं करतं. अर्क केंद्रकात शिरतं आणि ‘विभाजनाची तयारी करा’ हा आदेश जनुकांपर्यंत पोचतो. शेजारून दुसरी वाट जाते, पीआय३के आणि एकेटी या प्रथिनांची. तिचा निरोप मुख्यतः ‘जगत राहा, मरू नकोस’ असा असतो.

एवढे मधले टप्पे कशाला? एक सोपा हिशेब करू. समजा, प्रत्येक टप्प्यावरचं एक प्रथिन पुढच्या टप्प्यावरची दहा प्रथिनं जागी करतं. एका रासने दहा राफ, त्यांनी शंभर मेक, त्यांनी हजार अर्क. फाटकावरची छोटीशी चाहूल तीन टप्प्यांत हजारपट झाली. शिवाय प्रत्येक टप्प्यावर लगाम लावायची सोय होते. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. खऱ्या पेशीत प्रमाण टप्प्याटप्प्याला आणि पेशीगणिक बदलतं.

लगामही तितकेच महत्त्वाचे. फॉस्फेट खोडून टाकणारी प्रथिनं सतत फिरत असतात. रास ठरावीक वेळाने स्वतःचं बटण स्वतःच बंद करतं. आणि सही झालेले रिसेप्टर पेशी काही मिनिटांत आत गिळते. त्यांतले बरेच मोडून टाकते. म्हणजे लाइन चालू होतानाच ती बंद करायची तजवीजही सुरू झालेली असते. कॅन्सरमध्ये बहुधा ‘चालू’ बिघडण्याबरोबर ‘बंद’ही बिघडलेलं असतं.

७. चार बिघाड

आता रिपोर्टमधली अक्षरं वाचता येतील. निरोपाची साखळी मुख्यतः चार प्रकारे बिघडते.

पहिला बिघाड, फाटकावर गर्दी. कुरिअर फार येऊ लागतात : गाठीतल्या पेशी स्वतःच निरोप्या प्रथिनं बनवतात आणि स्वतःच ऐकतात.

दुसरा बिघाड, केबिनांची बेसुमार वाढ. हर-टूचं जनुक निरोगी पेशीत दोन प्रतींत असतं. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कॅन्सरांमध्ये त्याच्या अनेक प्रती होतात. निरोगी पेशीवर काही हजारांत असणारे हर-टू रिसेप्टर अशा पेशीवर लाखांच्या घरात जातात. बाहू सतत बाहेर, शेजारी खच्चून भरलेले. जोड्या जमायला निरोप्याची गरजच उरत नाही. लॅब आधी रंग देऊन पाहते आणि ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिते. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ म्हणजे अनिश्चित, आणि मग ‘फिश’ ही तपासणी होते. तिचा हिशेब साधा आहे. समजा, २० पेशी मोजल्या. हर-टू जनुकाचे ठिपके १२० दिसले आणि ते जनुक ज्या १७व्या गुणसूत्रावर असतं त्याच्या मध्याचे ठिपके ४०. गुणोत्तर १२० भागिले ४०, म्हणजे ३. पेशीमागे हर-टूच्या सरासरी प्रती ६. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि सरासरी ४ किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.

तिसरा बिघाड, वॉचमनचाच हात इंटरकॉमवर अडकलेला. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरचं हेच होतं. जनुकातला बदल खोबणीजवळचा आकार असा पालटतो, की आतला भाग निरोपाशिवायच जागा राहतो. यातले दोन बदल नेहमीचे. एक म्हणजे ‘एक्झॉन १९ डिलीशन’ : जनुकाच्या त्या भागातली काही अक्षरं गळून प्रथिनातली चार-पाच अमिनो आम्लं नाहीशी होतात. दुसरा ‘एल८५८आर’ : ८५८ क्रमांकाच्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं. हे बदल २००४ साली उजेडात आले. सिगारेट कधीच न ओढलेल्यांत आणि स्त्रियांत ते जास्त आढळतात. टाटा मेमोरिअलमध्ये तपासलेल्या, ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारचा फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात २३ टक्के रुग्णांमध्ये ईजीएफआरचा बदल होता. जवळजवळ चारात एक.

चौथा बिघाड, आतली वायरच चिकटलेली. फाटक शांत आहे, पण रास स्वतःचं बटण बंद करणं विसरलं आहे. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे बरंच दिसतं.

८. औषध कुठे अडवतं?

बिघाड कुठे आहे हे कळलं की औषधांची दोन घराणी वेगळी दिसू लागतात.

पहिलं घराणं प्रतिपिंडांचं. ही मोठी प्रथिनं असतात, सहसा सलाइनमधून दिली जातात, पेशीच्या आत शिरत नाहीत. ती रस्त्याकडच्या खिडकीवर बसतात. हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर ईजीएफआर भरपूर असतं आणि तंबाखूमुळे आपल्याकडे हे कॅन्सर फार. टाटा मेमोरिअलमध्ये ५३६ रुग्णांवर एक चाचणी झाली : किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध यांच्या जोडीला क्युबात विकसित झालेलं निमोटुझुमॅब हे ईजीएफआरवरचं प्रतिपिंड. २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. ज्यांना ते मिळालं त्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. एकूण आयुर्मानातला फरक मात्र सांख्यिकीच्या कसोटीवर निःसंशय ठरला नाही.

दुसरं घराणं गोळ्यांचं. हे छोटे रेणू पेशीच्या आत जातात आणि एटीपीच्या खोबणीत बसतात. सही करणाऱ्याच्या हातातून पेनच काढून घेतात. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब ही नावं याच घराण्यातली. गेफिटिनिब बदललेल्या ईजीएफआरवर इतकं चांगलं चालतं याला कारण आहे. खोबणीत एटीपी आणि औषध यांच्यात जागेसाठी चढाओढ असते. बदललेला रिसेप्टर सतत जागा असला तरी एटीपीला पूर्वीइतका घट्ट धरत नाही, म्हणून औषधाचा नंबर लागतो. बदल नसलेल्या रुग्णाला हीच गोळी दिली तर फायदा किरकोळ आणि गेलेला वेळ परत मिळत नाही. दहा-पंधरा दिवस थांबण्याचं मोल इथे आहे.

गोळी असताना केमोथेरपीची गरज आहे का, याचं एक महत्त्वाचं उत्तर परळच्या टाटा मेमोरिअलमधून आलं. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईजीएफआर बदललेल्या ३५० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसतं गेफिटिनिब, दुसऱ्याला गेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. पहिल्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ ८ महिने, दुसऱ्यात १६. किंमतही मोजावी लागली : गंभीर त्रास पहिल्या गटात २५ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात ५१ टक्के. २०२० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. जास्त परिणामकारक आणि जास्त त्रासदायक, यांतून निवड करताना रुग्णाची ताकद, वय आणि इच्छा पाहावी लागते.

चौथ्या बिघाडाचं काय? रास चिकटलं असेल तर फाटकावर प्रतिपिंड बसवून उपयोग नाही. वायर आतूनच वाजते आहे. म्हणूनच आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरवरचं प्रतिपिंड देण्याआधी रासची तपासणी करतात.

त्वचेवर पुरळ आणि जुलाब हे ईजीएफआरवरच्या औषधांचे नेहमीचे त्रास. औषध चुकीचं लागू पडलं असा त्याचा अर्थ नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या निरोगी पेशींनाही याच निरोपावर जगावं लागतं. हर-टूचा निरोप हृदयाच्या स्नायूलाही लागतो, म्हणून ट्रास्टुझुमॅब सुरू करण्याआधी आणि मधूनमधून टूडी इको करायला सांगतात.

रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. प्रथिन जास्त आहे की जनुकात बदल आहे? कारण ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांत दोन्ही अर्थ लपू शकतात. बदल असेल तर नेमका कुठला? आणि पुढे दुसरी तपासणी लागली तर ब्लॉकमध्ये ऊतक शिल्लक आहे का? ठाण्याहून परळला किंवा खारघरला दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक बरोबर न्यावे लागतात. नुसत्या कागदावर भागत नाही.

९. पेशी वाट काढते

गेफिटिनिबने गाठ आक्रसते, रुग्ण कामावर जाऊ लागतो आणि वर्षभराच्या आसपास गाठ पुन्हा वाढू लागते. गोळीला काय झालं? गोळी तीच असते, पेशी बदललेली असते. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत ईजीएफआरमध्ये आणखी एक बदल सापडतो, टी७९०एम : ७९०व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन. सुरुवातीला वाटलं, की नवं अमिनो आम्ल अंगाने मोठं असल्यामुळे औषधाची वाट अडत असेल. नंतर कळलं, की औषध आत बसू शकतं, पण रिसेप्टर आता एटीपीला पुन्हा घट्ट धरू लागला आहे. चढाओढीत औषध हरतं.

कारण कळल्यावर उपाय सुचला. चढाओढीत उतरायचंच नाही, एकदा जागा मिळाली की सोडायची नाही. खोबणीच्या कडेला ७९७व्या जागी सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आहे. त्याच्याशी कायमचा रासायनिक बंध जोडणारं ओसिमर्टिनिब २०१५ साली बाजारात आलं. आता अनेक ठिकाणी ते पहिल्यापासूनच देतात. पेशी यातूनही कधीकधी सुटते : ७९७व्या जागचं सिस्टीनच बदलून टाकते, किंवा ईजीएफआर सोडून शेजारच्या वेगळ्या रिसेप्टरवरून निरोप घेऊ लागते. म्हणून आजार पुन्हा वाढला की डॉक्टर पुन्हा बायोप्सी किंवा रक्तातून जनुकीय तपासणी सांगतात. जुना रिपोर्ट जुन्या पेशींचा असतो.

१०. माणसाने जोडलेला रिसेप्टर

रिसेप्टरचे तीन भाग, बाहेरचा, मधला आणि आतला, वेगवेगळी कामं करतात हे समजल्यावर पुढचा विचार ओघानेच आला : एकाचा बाहेरचा भाग आणि दुसऱ्याचा आतला भाग जोडला तर? म्हणजे ओळखायचं आपण ठरवू ते आणि आत वाजेल आपल्याला हवी ती घंटा.

कार-टी उपचार म्हणजे हेच. रुग्णाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी काढतात आणि त्यांत अशा जोडकामाच्या रिसेप्टरचं जनुक घालतात. बाहेरचा भाग प्रतिपिंडातून घेतलेला असतो. तो बी पेशींच्या कॅन्सरवर असणारं सीडी१९ हे प्रथिन ओळखतो. आतले भाग टी पेशीच्याच निरोपयंत्रणेतले, ‘हल्ला कर’ आणि ‘टिकून राहा’ असं सांगणारे. भारतात बनलेला असा पहिला उपचार, नेक्सकार१९, आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरिअलचे डॉक्टर यांच्या सहकार्यातून तयार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो खुला झाला. परदेशातल्या अशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो. तरीही रक्कम लाखांतच राहते.

रक्ताच्या काही कॅन्सरांत हे तंत्र चाललं, फुफ्फुस-स्तन-तोंडाच्या गाठींत अजून तसं यश नाही. सीडी१९ असलेल्या निरोगी बी पेशीही या उपचारात मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस औषधांच्या आधाराने जगू शकतो. ईजीएफआर आणि हर-टू तर त्वचेवर, आतड्यात, हृदयातही आहेत. त्यांच्यावर सोडलेली टी पेशी गाठ आणि हृदय यांत फरक कसा करणार? यावर काम करणारे शास्त्रज्ञ आज एका टी पेशीत दोन रिसेप्टर घालून पाहत आहेत : दोन्ही खुणा एकदम दिसल्या तरच हल्ला. एकट्याच्या सांगण्यावर निरोप पाठवायचा नाही, ही खबरदारी आपल्या पेशी पहिल्यापासून पाळत आल्या आहेत. प्रयोगशाळेला ती आता, त्यांच्याकडूनच, शिकावी लागते आहे.